जुनी ब्रिटिश मोटारसायकल घेताय? पैसे कशाचे मोजायचे ते आधी ठरवा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तपासणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या बहुतेक गाड्या नुकत्याच रंगवलेल्या असतात. टाकीवर सोनेरी रेघा, सायलेन्सरला ताजा क्रोम, सीटला नवं रेक्झिन. घेणारा तिथेच निम्मा विरघळलेला असतो आणि मग आम्हाला विचारतो, "कितीपर्यंत जाऊ?"

आमचा हिशोब सरळ आहे. जी वस्तू नंतर पैसे टाकून बाजारात मिळते, तिचे आज कमी पैसे द्या. जी मिळणारच नाही, तिचे द्या. रंग मिळतो, क्रोम मिळतो, टायर मिळतात. मूळ फ्रेम, त्या फ्रेमसोबत कारखान्यातून निघालेले इंजिन आणि अखंड कागदपत्रे कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. विकणारा मात्र नेमके उलट करतो, रंगाचे पैसे मागतो आणि नंबरांबद्दल बोलायचे टाळतो.

आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्या

भारतात सर्वाधिक दिसतात त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्या: बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल. युद्ध संपल्यावर लष्कराने डिस्पोजलमध्ये काढल्या आणि त्या इथेच राहिल्या. बर्मिंगहॅमच्या बीएसएने युद्धकाळात एकट्या एम२० च्या सुमारे १,२६,००० गाड्या बनवल्या. ४९६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन, संथ, दणकट, चिखलातून ओढणारे. तेव्हा कुणी एम२० ला "दुर्मीळ" म्हणून भाव सांगू लागला तर चहा घ्या आणि निघा. चांगली गाडी आहे, सुटे भाग आजही मिळतात, पण दुर्मीळ नाही.

हिचा इंजिन किंवा फ्रेम नंबर "डब्ल्यूएम२०" ने सुरू होत असेल तर ती लष्करासाठी बनलेली आहे. तीच गाडी मरून रंग देऊन "युद्धापूर्वीची नागरी" म्हणून खपवली जाते, कारण ऐकायला बरे वाटते. लष्करी वर्कशॉपात इंजिनांची अदलाबदल सर्रास होत असे. त्यामुळे एम२० चे इंजिन आणि फ्रेम वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तरी आम्ही फार भाव पाडत नाही. हीच गोष्ट एखाद्या ट्रायम्फ बॉनेव्हिलमध्ये निघाली तर भाव धाडकन खाली येतो. नियम सगळ्या गाड्यांना सारखा लागत नाही, हे लक्षात असू द्या.

एक घोळ रॉयल एनफिल्डचा. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून सुटे भाग आणून १९५५ पासून मद्रासला बुलेट जोडली जाऊ लागली, पुढे ती पूर्णपणे इथेच बनू लागली. मद्रासची जुनी बुलेट घेण्यात गैर काहीच नाही, आमच्यातल्या दोघांच्या दारात तीच उभी असते. पण तिला रेडिचचा बिल्ला लावून रेडिचचा भाव मागितला जातो, तिथे आमचा आक्षेप आहे. नंबरांची मालिका आणि क्रँककेसवरच्या (इंजिनाच्या खालच्या कवचावरच्या) खुणा पाहिल्याशिवाय "मेड इन इंग्लंड" या शब्दांवर एक रुपयाही वाढवू नका.

नंबर: इथेच खरा भाव ठरतो

"मॅचिंग नंबर", म्हणजे इंजिन आणि फ्रेम कारखान्यातून एकत्रच निघाल्याचे सांगणारे नंबर, हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो.

ट्रायम्फच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाडीत) फ्रेमवर आणि इंजिनवर एकच नंबर असतो. फ्रेमचा नंबर हॅन्डलखालच्या मानेवर डावीकडे, इंजिनचा डाव्या क्रँककेसवर बॅरलच्या (सिलिंडरच्या) बुडाशी. नंबराआधीची अक्षरे मॉडेल सांगतात: टी१२० म्हणजे बॉनेव्हिल, टीआर६ म्हणजे तिची एका कार्बोरेटरची बहीण. टीआर६ ला दोन कार्बचे हेड चढवले की ती दिसायला बॉनेव्हिलच होते, म्हणून ही अक्षरे बोटाने चाचपून पाहा. साधारण १९६९ पासून ट्रायम्फने नंबराच्या पट्टीवर आपल्या नावाचे बारीक छाप उठवायला सुरुवात केली, म्हणजे नंबर घासून नवा ठोकला तर छाप पुसले जातात. त्या काळातल्या गाडीवर पट्टी गुळगुळीत असेल तर तिथेच थांबायचे.

बीएसएचे उलटे आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बीएसएच्या इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर मुळातच वेगळा असे. १९५५ च्या बीएसएवर दोन्ही ठिकाणी एकच नंबर दिसला तर तो आनंदाचा नव्हे, संशयाचा विषय. ही जोडी खरी की नाही हे कारखान्याच्या पाठवणीच्या वह्यांवरूनच कळते. इंग्लंडमध्ये १९४६ पासून चालत आलेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब अशा वह्या सांभाळतो आणि फी घेऊन दाखला देतो. महाग गाडी असेल तर तो दाखला सौद्याच्या आधी मागवा. दाखल्याची फी चुकीच्या गाडीच्या मानाने किरकोळ असते.

नॉर्टन कमांडोमध्ये फ्रेम, इंजिन आणि गिअरबॉक्स अशा तिन्ही ठिकाणी एकच नंबर हवा. व्हिन्सेंटच्या युद्धोत्तर ट्विनमध्ये तर गणितच आहे: इंजिनच्या आकड्यात १९०० मिळवले की फ्रेमचा आकडा येतो, आणि मागच्या फ्रेमवरही तोच असायला हवा. व्हिन्सेंट आपल्याकडे क्वचित दिसते, पण दिसली की भाव असा सांगितला जातो की वहीपेन्सिल घेऊनच जावे.

सगळ्यात जास्त नकला बीएसए गोल्ड स्टारच्या. साध्या बी३१ किंवा बी३३ ला क्लिप-ऑन हॅन्डल, मोठी क्रोमची टाकी आणि लांबट सायलेन्सर लावला की दुरून ती गोल्ड स्टारच. खऱ्या गोल्ड स्टारच्या इंजिन नंबरात "जीएस" ही अक्षरे येतात, उदाहरणार्थ शेवटच्या ५०० सीसी मॉडेलवर "डीबीडी३४जीएस". पुढच्या काळातल्या खऱ्या फ्रेममध्ये इंजिनाखालची उजवी नळी ऑइल पंपाला जागा करून देण्यासाठी मुद्दाम वाकवलेली असते. गुडघ्यावर बसून टॉर्चने पाहा. खोटी नळी बनवणे अक्षरे ठोकण्याइतके सोपे नाही.

आकडे थोडे वाकडेतिकडे असले म्हणजे नंबर खोटा, असा एक समज आहे. कारखान्यातही पंच हातानेच मारले जात, ओळ तिरकी असू शकते. पाहायचे ते आकड्यांचे वळण, त्या वर्षाच्या खात्रीच्या गाडीशी ताडून. शिवाय आजूबाजूला कानशीचे ओरखडे आहेत का, नंबराची जागा आसपासच्या धातूपेक्षा खोल गेली आहे का, आणि सगळी फ्रेम पातळ रंगाची असताना नेमका नंबरावरच रंगाचा थर का. विकणाऱ्याला नंबरावरचा रंग थिनरने पुसू देण्याची विनंती करा. खरा मालक हो म्हणतो, कधीकधी स्वतःच चिंधी आणून देतो.

आरसी बुक

कागद नसलेली गाडी म्हणजे आमच्या हिशोबाने सुट्या भागांचा ढीग. तेवढेच पैसे द्या.

नंबरांवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट काढा आणि आरसीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. हस्तलिखित जुन्या पुस्तकांत कारकुनाने इंजिन नंबरच चेसिसच्या (म्हणजे फ्रेमच्या) रकान्यात उतरवलेला असतो, "डब्ल्यू"चा "एम" झालेला असतो. अशा चुका दुरुस्त होतात, पण वेळ जातो, आणि तो वेळ विकणाऱ्याने द्यायला हवा. गाडीची नोंद आरटीओच्या संगणकावर आहे का, की बॅकलॉग एन्ट्री (जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढवणे) अजून व्हायची आहे, हेही विचारा. मालक वारलेले असतील तर वारसांच्या सह्यांशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. आजोबांची गाडी एका नातवाने विकली आणि दुसरा नातू नंतर उगवला, असे प्रकार आमच्या पाहण्यात आहेत.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला "व्हीए" मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. जुनी चालू नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाण्यासाठी गाडी हवी असेल तर चालू नोंदणीच्या गाडीला थोडे जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे.

इंजिन चालू करून

बुलेट सोडली तर यातल्या बहुतेक गाड्यांत इंजिनचे तेल वेगळ्या टाकीत असते. इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहा. मिनिटाभरात परतीच्या नळीतून तेल पडताना दिसले पाहिजे, आधी सलग, मग हवेच्या बुडबुड्यांसह थांबून थांबून. काहीच दिसले नाही तर इंजिन लगेच बंद करा. बरेच दिवस उभ्या गाडीतले तेल टाकीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून सुरुवातीचा निळा धूर एकटाच वाईट समजू नये. दहा मिनिटांनंतरही तो येत असेल तर पिस्टन, रिंग, गाइड यांचा खर्च धरा.

लुकासचा मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारे यंत्र) थंड असताना फसवतो. आतल्या वेटोळ्याचे जुने आवरण उष्णतेने मऊ होते, कंडेन्सर थकलेला असतो. गाडी थंडीत एका किकवर सुरू होते आणि वीस मिनिटे चालवून बंद केली की पुन्हा घाम काढते. म्हणून गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी परत किक मारा. बऱ्याच गाड्यांत आता मॅग्नेटो काढून बुलेटचे कॉइल-पॉइंट आणि अमाल कार्बोरेटरच्या जागी मिककार्ब बसवलेला असतो. गाडी उलट बरी चालते. भाव मात्र उतरतो, कारण मूळ मॅग्नेटो, मूळ अमाल आणि टप्प्याटप्प्याने सरकणाऱ्या काट्याचा स्मिथ्सचा स्पीडोमीटर हे तिन्ही गोळा करायला गेलात तर चांगलीच रक्कम लागते.

ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विनमध्ये क्रँकशाफ्टच्या पोटात गाळ साठवणारी नळी असते. ती तुंबली की बिगएन्डला (क्रँकवरच्या बेअरिंगला) तेल मिळत नाही. इंजिन उघडल्याशिवाय ती दिसत नाही. साफ केल्याचे बिल नसेल तर केलेली नाही असेच समजा आणि इंजिन खोलण्याचा खर्च वजा करा. बीएसएच्या ए१० आणि ए६५ मध्ये टायमिंगच्या बाजूचा बुश झिजला तर तेलाचा दाब पडतो, तोही याच हिशोबात.

नटबोल्ट जरूर पाहा. या गाड्यांचे आटे इंची, व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचे. दिसेल तिथे मिलीमीटरचे बोल्ट ठोकून बसवलेले असतील तर आत काय केले असेल याचा अंदाज बांधता येतो. आम्हाला यावरून जेवढे कळते तेवढे टेस्ट राइडवरूनही कळत नाही.

आकडेमोड

भाव वरून खाली काढा. तशीच, पूर्ण तयार आणि कागद असलेली गाडी सध्या कितीला जाते ते पाहा. त्यातून कामाचा खर्च वजा करा, आणि त्या खर्चाचा चौथा हिस्सा आणखी वजा करा, कारण उघडल्यावर काहीतरी निघतेच. निव्वळ उदाहरण म्हणून: तयार गाडी ५ लाखांची, दिसणारे काम २ लाख २० हजारांचे, वर ५५ हजार. म्हणजे २ लाख २५ हजारांच्या वर जाऊ नये. अर्धवट खोललेल्या, पोत्यांतून येणाऱ्या गाडीला याहूनही कमी. पोत्यात सगळे भाग आहेत असे सांगितले जाते. नसतात.

लिलावाचे आकडे दाखवून भाव वाढवला जातो. २०१८ मध्ये लास व्हेगासला एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९,२९,००० डॉलरला गेली, हे खरे. पण ते मॉडेल तीसेकच बनले होते, आणि त्याच गाडीने १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेगाचा विक्रम केला होता. त्या किमतीत इतिहासाचे पैसे आहेत, व्हिन्सेंट या नावाचे नव्हेत. लिलावात छापून येणाऱ्या आकड्यात बहुधा लिलाव कंपनीचे कमिशनही मिसळलेले असते.

मूळ रंगाची, थोडी गंजलेली, पण कुणी हात न लावलेली गाडी मिळाली तर तिला नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त पैसे द्या. घरच्यांना समजावणे कठीण जाईल.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी

आमचे काही ग्राहक तिकडे नोकरीला आहेत आणि तिथेच गाडी घेतात. तिथला नोंदणी दाखला म्हणजे व्ही५सी, त्यावरचे नंबर गाडीशी जुळवा. जुने लॉगबुक सोबत असेल तर किंमत वाढते. पाटीवरचे पहिले अक्षर "क्यू" असेल तर गाडीचे वय किंवा ओळख सिद्ध झालेली नाही असा अर्थ, भाव त्याप्रमाणे. आणि भारतात जोडलेल्या, वरून झगमगीत गाड्या तिकडेही विकायला येतात. त्यांच्याबाबत वर नंबरांविषयी लिहिलेले दोनदा वाचा. इंग्लंडहून गाडी इकडे आणायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी कस्टम एजंटशी बोला, ते काम आम्ही करत नाही.

आमची तपासणी

आम्ही गाड्या विकत नाही आणि विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही. तपासणीची फी ठरलेली असते, ती गाडीच्या किमतीवर अवलंबून नाही. लेखी अहवालात नंबरांचे फोटो, कामांची यादी, अंदाजे खर्च आणि आमच्या मते द्यावी अशी कमाल रक्कम असते. गाडी घेऊ नका असे आम्ही अनेकदा लिहितो. फी तेवढीच.

वेळ ठरवण्याआधी चार फोटो पाठवा: इंजिन नंबर, फ्रेम नंबर, आरसीची दोन्ही पाने, आणि उजवीकडून पूर्ण गाडी. निम्म्या गाड्यांचा निकाल तिथेच लागतो आणि तुमचा फेरा वाचतो. तपासणीच्या दिवशी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा. आम्ही पोहोचलो की आधी सायलेन्सरला हात लावून पाहतो.