खाण तशी माती?

चौथीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलीचे पैंजण हरवले. मास्तरांनी कुणाला काही विचारले नाही. सरळ मागच्या ओळीतल्या मुलाचे दप्तर उलटे केले. तो पारधी बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून यायचा. दप्तरातून पाटी, एक फाटकी वही आणि अर्धी भाकर निघाली. पैंजण दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्याच घरी सापडले, पण तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. "त्यांच्या रक्तातच असते ना," हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आज नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी आनुवंशिकता शिकवतो. रक्तात नेमके काय असते, हा प्रश्न मात्र चौथीपासून माझ्या मागे आहे.

हे वाक्य विज्ञानाच्या आधी कायद्यात आले. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशा युक्तिवादावर इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्याने सारा ब्रिटिश मुलूख त्याखाली आला. ठाण्यात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. गुन्हा केला की नाही हे कुणी विचारत नसे, त्या जमातीत जन्म झाला एवढे पुरे होते. १८७६ मध्ये इटलीतल्या चेझारे लोंब्रोसो या डॉक्टरने कवट्या आणि जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगारा'चा सिद्धांत मांडला. गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असे त्याचे म्हणणे. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने सुमारे ३,००० कैद्यांची मापे इतर माणसांशी ताडून पाहिली, तेव्हा असा वेगळा शारीरिक नमुना काही निघाला नाही. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या कायद्याखालच्या जमाती विमुक्त झाल्या. आमच्या वर्गातले ते दप्तर उलटे झाले, ते त्यानंतर तीसेक वर्षांनी.

म्हणून वर्तनाशी जीवशास्त्राचा काही संबंधच नाही असे म्हणणे हीसुद्धा फसवणूक होईल. १९९३ मध्ये हान ब्रुनर यांनी एका डच कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या अनेक पुरुषांना अचानक हिंसक झटके येत, कुणी आग लावे. सगळ्यांत दोष एकच होता, एमएओए नावाच्या जनुकात. हे जनुक एक एन्झाइम बनवते, आणि मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन यांसारखे निरोप पोचवणारे रेणू काम झाल्यावर मोडून टाकायचे हे त्या एन्झाइमचे काम. या पुरुषांत ते बनतच नव्हते. जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे दोष झाकायला दुसरी प्रत नाही. एवढा पूर्ण बिघाड मात्र अत्यंत दुर्मिळ.

याच जनुकाचा थोडे कमी काम करणारा प्रकार खूप सर्रास आढळतो. माध्यमांनी त्याला 'योद्धा जनुक' म्हणून टाकले. ते नाव मला अजिबात मान्य नाही, आणि कारण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात सापडते. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. २००२ मध्ये त्यातल्या ४४२ पुरुषांची माहिती तपासली गेली. ज्यांच्याकडे हा प्रकार होता आणि ज्यांचा लहानपणी छळही झाला होता, असे फक्त १२ टक्के होते. हिंसेच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. पण तोच जनुक-प्रकार असलेली आणि मायेने वाढलेली मुले इतरांपेक्षा हिंसक निघाली नाहीत. पुढच्या काही अभ्यासांत हा मेळ दिसला, काहींत नाही. एकट्या जनुकाचा वाटा लहानच राहिला.

मग 'गुन्हेगारी ४० टक्के आनुवंशिक' असे मथळे कुठून येतात? २००२ मध्ये जुळ्या आणि दत्तक मुलांच्या ५१ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा समाजविघातक वर्तनातल्या फरकांपैकी सुमारे ४१ टक्के वाटा जनुकांचा निघाला. या टक्क्याचा अर्थ काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत नीट कळतो. जंबेरी या लिंबाच्या खुंटावर एकाच मातृवृक्षाचे डोळे भरले, तर वरची सगळी झाडे जनुकांनी सारखी. तरी एक ओळ फळांनी वाकलेली असते आणि खालच्या ओळीला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग लागलेला, कारण तिथे भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. या बागेत फळधारणेतल्या फरकाचा आनुवंशिक वाटा जवळपास शून्य. सगळीकडे सारखी माती, सारखे पाणी देऊन वेगवेगळ्या झाडांची कलमे लावली, की तोच वाटा भराभर वाढतो. म्हणजे तो टक्का एका झाडाचा नसून एका बागेचा असतो. आणि एका बागेतल्या आकड्यावरून दोन बागांमधल्या फरकाबद्दल काहीच सांगता येत नाही. बेडा आणि गाव यांच्यात भिंत घालायला तो वापरणे ही उघड चूक आहे.

शिवाय जीवशास्त्र म्हणजे फक्त जनुके नव्हेत. शरीर शिशाला कॅल्शियम समजते, त्यामुळे ते वाढत्या मेंदूत शिरते आणि राग आवरणाऱ्या, पुढचा विचार करणाऱ्या कपाळामागच्या भागाला इजा करते. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत मुलांच्या रक्तातले शिसे आईच्या गरोदरपणापासून मोजले होते. ज्यांच्यात ते जास्त होते, त्यांना मोठेपणी अटक होण्याचे प्रमाणही जास्त आढळले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, घरगुती रंगातल्या शिशावर २०१७ पासून मर्यादा आली. पण जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या आणि भिंतींवरचे जुने रंग आहेतच. २०२० च्या एका अंदाजानुसार देशातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर आहे. हे कारण हाताने दूर करता येते, म्हणून मला ते साऱ्या जनुकांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

गेल्या वर्षी मी वर्गात इटलीतला खटला सांगितला. तिथल्या त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये जनुकांचा अहवाल विचारात घेऊन एका खुन्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली होती. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन थांबली. "सर, माह्या लहान भावाले लई राग येते. त्याची टेस्ट करून पाहू काय?"

मी तिला म्हटले, युरोपीय पुरुषांत साधारण तिघांपैकी एकाकडे एमएओए जनुकाचा तो कमी काम करणारा प्रकार असतो. आपल्या वर्गात तीस मुलगे आहेत, त्याच हिशेबाने दहा जण धर. सांग बरे, त्यातले कोण? तिने आठवून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. मग मी विचारले, भावाला घरी कोणी मारते का?

ती बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. टेस्टचा विषय पुन्हा निघाला नाही.