लिंकनचं ते गाजलेलं पोर्ट्रेट आधी स्पर्धेत चक्क नापास झालं होतं

खुर्चीत पुढे झुकलेला, पायावर पाय, हात हनुवटीशी, असं अमेरिकेचा प्रेसिडेंट अब्राहम लिंकनचं मोठं ऑइल पेंटिंग तुम्ही कुठेतरी नक्की बघितलं असेल. लोक म्हणतात विचारात बुडालाय, पण खरं तर तो समोरच्याचं ऐकतोय, फक्त समोरचा माणूस चित्रात नाहीये.

चित्रकार जॉर्ज हीली, मूळचा बॉस्टनचा. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचा लाडका, त्याच्यासाठी १८४५ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या माजी अमेरिकन प्रेसिडेंट अँड्र्यू जॅक्सनचं पोर्ट्रेट करायला थेट टेनेसीला गेलेला. नोव्हेंबर १८६० मध्ये त्याने स्प्रिंगफील्डला लिंकनला समोर बसवून रंगवलं, तेव्हा दाढी नव्हती. हीलीने आठवणींत लिहिलंय की लिंकन पत्रं वाचत होता, एका बाईने गालफडं झाकायला खोट्या दाढीमिशा लावा असं सुचवलेलं, तर हा हीलीलाच विचारतो, रंगवशील का मला तसं?

मग अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध झालं, एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला. १८६८ मध्ये हीलीने 'द पीसमेकर्स' हे चित्र केलं, खुनाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी व्हर्जिनियात सिटी पॉइंटला रिव्हर क्वीन बोटीवर लिंकन आणि त्याच्या बाजूचे जनरल ग्रँट, जनरल शर्मन आणि ॲडमिरल पोर्टर बसले होते तो प्रसंग, ज्याचे तपशील त्याला शर्मननेच पुरवले होते. त्यात शर्मन बोलतोय आणि लिंकन ऐकतोय. पुढच्या वर्षी काँग्रेसने व्हाइट हाउससाठी लिंकनचं पोर्ट्रेट घ्यायचं ठरवलं, ३००० डॉलर, तेव्हा हीलीने त्याच चित्रातला लिंकन एकटा उचलला, बाकीचे तिघं गायब, आणि पाठवून दिला.

निवड करणार कोण, तर नवे प्रेसिडेंट ग्रँट, म्हणजे त्या बोटीवर शेजारी बसलेला माणूस! त्याने विल्यम कॉग्सवेलचं चित्र घेतलं. का घेतलं ते देव जाणे, मला तरी ते अगदी सरकारी ठोकळा वाटतं.

हीलीचं चित्र लिंकनचा मुलगा रॉबर्टने विकत घेतलं, वडिलांचं याच्या जवळपास जाणारं दुसरं पोर्ट्रेट नाही असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोच्या मृत्युपत्रामुळे ते १९३९ मध्ये, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी, व्हाइट हाउसला मिळालं आणि पुढे स्टेट डायनिंग रूममध्ये फायरप्लेसवर लागलं. १९४७ मध्ये 'द पीसमेकर्स'ची हीलीनेच केलेली प्रतसुद्धा तिथे आली, त्यामुळे लिंकन कोणाचं ऐकत होता तेही आता त्याच घरात बघता येतं.