वाळू-खडी घेताना माप असं घ्या

वाळू, क्रश सँड, खडी हा सगळा माल आपण ब्रासवर घेता. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच सुमारे 2.83 घनमीटर. (प्लास्टर किंवा फरशीच्या मजुरीतला ब्रास 100 चौरस फुटांचा, तो हिशेब वेगळा.) माल जमिनीवर पसरला की माप धरणं अवघड होतं. म्हणून आमचा आग्रह आहे, फाळका उघडण्याआधी टेप लावा.

गाडीचा हौदा

लांबी आणि रुंदी आतून घ्या. बाहेरून घेतली तर पत्र्याची जाडी आणि पट्ट्याही मालात धरल्या जातात. वरची शीग फावड्याने सपाट करून घ्या. मग चारही कोपऱ्यांत आणि मधोमध सळई तळापर्यंत खोचून खोलीची सरासरी काढा. तिन्ही मापांचा गुणाकार करून 100 ने भागलं की ब्रास निघाले. ट्रॉली 9 फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि माल 2 फूट खोल असेल, तर 99 घनफूट, जवळजवळ एक ब्रास.

सगळ्यात जास्त घोटाळा इंचांत होतो. 2 फूट 6 इंच म्हणजे 2.5 फूट, 2.6 नव्हे. इंचांना आधी 12 ने भागा. हौदा 14 फूट × 7 फूट 3 इंच × 2 फूट 6 इंच असेल, तर खरं माप 253.75 घनफूट. तेच 7.3 आणि 2.6 धरून केलं तर 265.72 येतं. म्हणजे न आलेल्या 12 घनफुटांचे पैसे आपण देता.

उतरवलेला ढीग

ढीग साधारण शंकूच्या आकाराचा असेल, तर पायथ्याभोवती टेप फिरवून घेर घ्या. घेर × घेर × उंची, भागिले 37.7. घेर 36 फूट, उंची 4 फूट असेल तर सुमारे 137 घनफूट. उंची सरळ उभी मोजायची, उतारावरून टेप टाकायचा नाही. याच ढिगाचा उतार 7 फूट भरतो. तो उंची म्हणून धरला तर 240 घनफूट दिसतील.

ओली वाळू

किंचित ओलसर वाळू फुगते, कारण कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर त्यांना दूर ठेवतो. बारीक वाळू जास्त फुगते, खडीला हा प्रश्न जवळपास नाही. तपासायला सरळ बाजूंची काचेची बरणी पुरे. वाळू सैल भरा, दाबू नका, आणि उंची मोजा. समजा 20 सेंटिमीटर. ती बाहेर काढा, बरणी निम्मी पाण्याने भरा आणि तीच वाळू ढवळत परत सोडा. पूर्ण भिजली की फुगवटा जातो. आता उंची 16 सेंटिमीटर आली, तर वाळू 25 टक्के फुगलेली होती आणि आपल्या एका ब्रासमध्ये प्रत्यक्ष वाळू 0.8 ब्रासच आहे. काँक्रीटचा माल घमेल्याने मोजून टाकत असाल तर मिस्त्रींनाही हे सांगा, नाहीतर मिश्रणात वाळू कमी पडते.

गोल शोषखड्डा

3.14 × त्रिज्या × त्रिज्या × खोली. त्रिज्या म्हणजे निम्मा व्यास. चुकून पूर्ण व्यास धरला तर खडी चौपट मागवली जाते. 5 फूट व्यासाच्या, 6 फूट खोल खड्ड्याला सुमारे 118 घनफूट लागेल.

आमच्या गाडीवर टेप आणि सळई असते. माप आपल्या माणसाच्या हातून घ्या, आकडे चलनावर लिहून घ्या आणि मगच सही करा.