ओंडक्यापर्यंत जाणारी करवत

मुंबईत दर पावसाळ्यात झाडे उन्मळून पडतात, फांद्या तोडून रस्ता मोकळा केला जातो आणि दोन दिवसांत त्या झाडाचा विषय संपतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा तर शहरात शेकडो झाडे पडली. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, आंबा, जांभूळ, भेंड अशी ही झाडे असतात, आणि त्यांच्यातले बरेचसे लाकूड टेबल, बाके किंवा दारे करण्याच्या योग्यतेचे असते. तरीही त्याचे हातभर लांबीचे तुकडे होतात, याचे कारण त्याच्या वजनात आहे. साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा ओंडका सुमारे ०.८५ घनमीटर भरतो आणि ओला असताना त्याचे वजन पाऊण टनाच्या आसपास जाते. तो सोसायटीच्या आवारातून उचलून आरागिरणीपर्यंत न्यायचा तर क्रेन आणि ट्रक लागतो, आणि तो खर्च लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मात्र गिरणीच ओंडक्यापाशी नेली, तर कापलेल्या फळ्या दोन माणसे हाताने बाहेर काढू शकतात. फिरत्या आरागिरणीचा उगम या साध्या हिशेबात आहे.

असे यंत्र घरच्या कार्यशाळेत, म्हणजे तळमजल्यावरच्या एखाद्या गाळ्यात किंवा गोराई-मढकडच्या वाडीतल्या पडवीत बांधता येते. परंतु लोखंड खरेदी करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे. शहरातील झाड तोडण्यासाठी १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याखेरीज लाकूड कापणाऱ्या गिरण्यांसाठी वेगळे नियम आहेत; महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात दिला होता. आपले यंत्र लहान आहे किंवा हौसेचे आहे म्हणून ते या नियमांतून आपोआप सुटेल असे गृहीत धरू नये, आणि वन विभागाकडे लेखी विचारणा करून उत्तर आल्यावरच कामाला हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. दोन चाके शेजारी शेजारी उभी असतात, त्यांच्यावरून पोलादी पट्टीची अखंड करवत फिरते, आणि हा सगळा भाग, ज्याला यंत्राचे डोके म्हणतात, रुळांवरून ओंडक्याच्या लांबीभर पुढे ढकलला जातो. ओंडका जागेवर पक्का बांधलेला असतो. एक काप झाला की डोके मागे आणायचे, फळीच्या जाडीइतके खाली उतरवायचे आणि पुन्हा पुढे न्यायचे. गोल पात्याची करवत किंवा साखळी करवत वापरूनही फळ्या काढता येतात, मग पट्टीचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भुशात आहे. पट्टी करवतीचा काप साधारण २ मिलिमीटर रुंद असतो, मोठ्या गोल पात्याचा ६ आणि साखळी करवतीचा ९ मिलिमीटरपर्यंत जातो. ५४ सेंटिमीटर उंचीच्या लाकडातून २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या झाल्यास पट्टीने २० फळ्या निघतात, गोल पात्याने १७ आणि साखळीने १६. शिवाय काप अरुंद असल्याने मोटरही लहान पुरते, आणि यंत्र हलते ठेवायचे असेल तर ही बाब फार मोलाची ठरते.

पट्टी करवतीची कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण पट्टीची दोन टोके जिथे जोडली जात तिथे ती चाकावरून वाकताना तुटत असे, आणि त्यामुळे यंत्र अनेक वर्षे कागदावरच राहिले. १८४६ मध्ये फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपिन यांनी हा जोड टिकवण्याची रीत शोधल्यानंतर पट्टी करवत खऱ्या अर्थाने कामाला लागली. चाके, चौकट आणि शक्ती हे सर्व उपलब्ध असतानाही एका जोडासाठी सारे अडून राहिले होते. घरी यंत्र बांधणाऱ्याने या इतिहासाकडे जरूर पाहावे, कारण आजही या यंत्राचे भलेबुरे पट्टीवरच ठरते. माझ्या पाहण्यात अनेक जण मोटरच्या अश्वशक्तीचा विचार आधी करतात आणि पट्टी ताणण्याची योजना शेवटी, उरलेल्या लोखंडातून करतात. हा क्रम उलटा असायला हवा.

पट्टीवर दोन प्रकारचे जोर एकाच वेळी येतात. पहिला ताणाचा. वाळत घालायची दोरी जितकी घट्ट बांधावी तितकी ती ओल्या कपड्यांनी कमी झोळते. त्याच न्यायाने ३२ मिलिमीटर रुंद आणि १.१ मिलिमीटर जाड पट्टी लाकडात सरळ राहण्यासाठी तिला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे १५० न्यूटन इतके ताणावे लागते. दातांची खोली वगळून हिशेब केला तर पट्टीच्या एका बाजूला सव्वाचारशे किलोच्या वजनाइतका, आणि वरची व खालची अशा दोन्ही बाजू मिळून चाकाच्या आसावर साडेआठशे किलोच्या आसपास भार येतो. दुसरा जोर वाकण्याचा आहे. सरळ पट्टी चाकावर गोलाकार होताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ही मात्रा पट्टीच्या जाडीला चाकाच्या व्यासाने भागून आणि पोलादाच्या स्थितिस्थापकतेच्या गुणांकाने गुणून काढता येते. ४८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर १.१ मिलिमीटरच्या पट्टीत ती चौरस मिलिमीटरमागे ४७० न्यूटनच्या घरात येते, म्हणजे आपण मुद्दाम दिलेल्या ताणाच्या तिप्पट. स्वस्तात मिळतात म्हणून ३० सेंटिमीटरची लहान चाके वापरली तर हाच आकडा ७५० पर्यंत चढतो.

एखादे पोलाद असा जोर एकदा सहज सोसते. प्रश्न पुनरावृत्तीचा असतो. पट्टीचे वेटोळे चार मीटरचे असेल आणि वेग सेकंदाला २४ मीटर असेल, तर प्रत्येक बिंदू सेकंदाला सहा फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकतो. तासाभरात हे वाकणे ४३ हजार वेळा होते. धातूला येणाऱ्या या थकव्याने बारीक भेग पडते, आणि ती बहुतेक वेळा दोन दातांच्या मधल्या खोबणीच्या तळाशी सुरू होते. म्हणूनच धार लावताना खोबणीचा तळ गोलसर ठेवावा लागतो आणि घासचाकाच्या उष्णतेने तिथे निळसर डाग पडू द्यायचा नसतो. त्या डागाच्या जागी पोलाद ठिसूळ होते. चाके मोठी आणि पट्टी बेताची जाड ठेवली, तर हे भेगांचे संकट बरेच लांबते.

आता ताण देण्याच्या योजनेकडे वळू. चार मीटरच्या वेटोळ्याला वर सांगितलेला ताण दिल्यावर ते अवघे २.९ मिलिमीटर लांबते, आणि त्यासाठी चाकाचा आस जेमतेम दीड मिलिमीटर सरकवावा लागतो. करवत चालू असताना पट्टी घर्षणाने तापते, आणि तापलेले पोलाद प्रसरण पावते. तापमान २० अंशांनी वाढले तर हीच पट्टी जवळजवळ एक मिलिमीटरने लांबेल. म्हणजे काम सुरू झाल्यावर काही मिनिटांतच, कोणी स्क्रूला हात न लावताही, एक तृतीयांश ताण नाहीसा झालेला असतो. कार्यशाळेत घट्ट वाटणारी पट्टी ओंडक्याच्या मध्यावर भरकटते, तिचे कारण पुष्कळदा हे असते. नुसत्या नट-बोल्टने ताण देण्याऐवजी त्या ओळीत एक दणकट दाबस्प्रिंग बसवावी किंवा लहान हायड्रॉलिक जॅक वापरून त्याच्या दाबमापकावर नजर ठेवावी. दाब उतरलेला दिसताच पट्टी तापल्याचे कळते. करवतीवर थेंब थेंब पाणी सोडल्यास पट्टी थंड राहते आणि आंबा-फणसासारख्या झाडांचा चीकही दातांवर साचत नाही. काम संपल्यावर ताण सैल करणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण तापलेल्या अवस्थेत वाढवलेला ताण पट्टी थंड होऊन आकसताना आणखी चढतो आणि रात्रभर तिच्यावर व चाकांवर तसाच राहतो.

चाकांच्या बाबतीत एक सोपी युक्ती प्रचलित आहे. पट्टा ओढणाऱ्या ओतीव पुलीच्या खोबणीत रबरी व्ही-पट्टा बसवला, की त्याची पाठ खोबणीच्या किंचित वर राहते आणि पट्टी तिच्यावरून धावते. मध्ये फुगीर असलेल्या चाकावर पट्टी आपोआप उंच भागाकडे चढते, त्यामुळे व्ही-पट्टा थोडा झिजून मध्ये गोलसर झाला तर ते फायद्याचेच असते. बेअरिंग, पुल्या आणि पट्टे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतात, आणि चौकटीचे चॅनेल व अँगल दारूखान्यात वजनावर मिळतात. जुने चॅनेल घेताना त्याला पीळ नाही ना, हे दुकानातच दोन टोकांना पट्ट्या ठेवून, डोळा लावून पाहावे. आस आणि चाकांचे भोक मात्र चांगल्या टर्नरकडून एकाच बैठकीत करून घ्यावे. तिथे केलेली काटकसर नंतर प्रत्येक फळीवर दिसते.

मोटरविषयी फार लिहिण्याजोगे नाही. मिनिटाला १४४० फेरे देणारी, ५ ते ७.५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर पुरते. दोन पुल्यांचे गुणोत्तर २:३ ठेवले की चाक मिनिटाला ९६० फेरे घेते आणि वर गृहीत धरलेला वेग मिळतो. जिथे थ्री-फेज जोडणी नसेल तिथे पेट्रोल इंजिन लावावे लागते, पण निवासी भागात त्याचा आवाज शेजाऱ्यांना सोसवत नाही.

रुळ दोन-दोन मीटरच्या तुकड्यांत बनवून बोल्टने जोडावेत, म्हणजे ते छोटा हत्ती टेम्पोत मावतात. ते जमिनीवर समपातळीत बसवणे याला पर्याय नाही, कारण रुळातला चढउतार फळीत जसाच्या तसा उतरतो. डोके वरखाली करण्यासाठी दोन बाजूंना आटे पाडलेले दोन दांडे लागतात, आणि ते साखळीने एकमेकांना जोडावे लागतात, अन्यथा डोके एका बाजूला कलते. आट्यांचे अंतर ५ मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरची फळी आणि २ मिलिमीटरचा काप मिळून होणाऱ्या २७ मिलिमीटरसाठी हँडलचे ५.४ फेरे द्यावे लागतात. हँडलमागे दहा भागांची चकती लावली की हे मोजणे सोपे होते. नट आणि आट्यांत थोडा सैलपणा असतोच, पण डोक्याचे वजन सतत खाली ओढत असल्याने तो एकाच बाजूला राहतो. चुकून जास्त खाली गेल्यास डोके बरेच वर नेऊन पुन्हा खाली आणावे.

पट्टीला ओंडक्याच्या दोन्ही अंगांना मार्गदर्शक रोलर असतात. ते पट्टीला मूळ रेषेपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर खाली दाबतात, त्यामुळे चाकांचा थरथराट कापापर्यंत पोहोचत नाही. यांपैकी एक रोलर सरकता ठेवून ओंडक्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा. दोन रोलरांमधले अंतर वाढले की पट्टीचा ताठपणा झपाट्याने कमी होतो.

मुंबईच्या झाडांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे खिळे. जाहिरातींचे फलक, दिव्यांच्या माळा, केबलच्या तारा यांसाठी ठोकलेले खिळे झाड वाढताना पोटात घेते आणि बाहेरून साल पूर्ववत दिसते. अशा एका खिळ्याने पट्टीचे दात क्षणात जातात. धातुशोधक यंत्र फिरवणे हा उत्तम मार्ग आहेच, पण ओंडक्याचे कापलेले तोंडही पुष्कळ सांगते. जांभूळ-बाभूळ यांसारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंड शिरले असेल तर त्यांच्या रासायनिक संयोगाने निळसर काळा डाग तयार होतो आणि तो तंतूंच्या दिशेने लांबवर पसरतो. तोंडावर असा डाग दिसला, तर त्याच्या रेषेत आत कुठेतरी लोखंड आहे असे समजून तो भाग साखळी करवतीने वेगळा करावा.

संरक्षणाच्या बाबतीत तडजोड नको. तुटलेली पट्टी चाबकासारखी बाहेर फेकली जाते, म्हणून दोन्ही चाके आणि पट्टीचा परतीचा भाग पत्र्याने पूर्ण झाकलेला असावा, आणि चालवणारा माणूस पट्टीच्या रेषेत कधीही उभा राहू नये. मोटरचे अर्थिंग आणि हाताशी असलेले लाल बटण हवेच. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगजनक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, त्यामुळे चांगला मास्क लावल्याशिवाय काम करू नये.

यंत्र उभे राहिले की पहिली फळी मोजण्यासाठीच कापावी. व्हर्नियरने तिची जाडी चारही कोपऱ्यांवर आणि दोन्ही कडांच्या मध्यावर घ्यावी. संपूर्ण लांबीभर एक कड जाड आणि दुसरी पातळ भरली, तर पट्टी ओंडक्याच्या बैठकीला समांतर नाही, म्हणून एका बाजूचा रोलर खालीवर करून घ्यावा. दोन्ही टोके सारखी आणि मधला भाग वेगळा आला, तर प्रथम रुळांची पातळी तपासावी. ती बिनचूक असेल, तर झाडाच्या आत साठलेला ताण एक बाजू कापल्यावर मोकळा होऊन ओंडकाच किंचित वाकलेला असतो, आणि अशा वेळी ओंडका फिरवून समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने फळ्या काढाव्यात. पट्टी दर वेळी एकाच दिशेला चढत किंवा उतरत असेल, तर आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेल्या दातांचे वळण समान नाही. गाठीपाशी फळीवर लाट उमटली, तर धार गेली आहे, ताण उतरला आहे किंवा डोके फार घाईने ढकलले जात आहे. यांपैकी ताण आधी पाहावा, कारण तो दाबमापकावर लगेच वाचता येतो.