दोन दाखले: पडलेल्यांना परत घेण्याचा जुना वाद

विश्वासापासून दूर गेलेल्यावरही देवाचं प्रेम कायम असतं, हे आज चर्चमध्ये कुणालाच खटकत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला वाचतात, बाप धावत जाऊन परतलेल्या मुलाच्या गळ्यात पडतो, झालं. तिसऱ्या शतकात मात्र याच गोष्टीवरून चांगलंच वाजलं होतं.

आजच्या ट्युनिसजवळच्या कार्थेजमधला लेखक टर्टुलियन आधी पश्चात्तापी ख्रिस्ती माणसाला हाच दाखला देऊन धीर देई. पुढे तो माँटॅनिस्ट या कडक ख्रिस्ती पंथाकडे झुकला आणि सांगू लागला की हरवलेलं मेंढरू आणि उधळा मुलगा म्हणजे अजून ख्रिस्ती न झालेले लोक. बाप्तिस्मा घेऊन घोर पाप करणाऱ्यानं त्यांत स्वतःला पाहू नये. प्रभुभोजनाच्या प्याल्यांवर हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाचं चित्र असे, त्याचीही त्यानं टर उडवली.

मराठीत दाखला म्हणजे येशूची गोष्टही आणि सरकारी कागदही. इ.स. 250 मध्ये हा दुसरा दाखला आडवा आला. रोमन सम्राट डेशियसचं फर्मान निघालं: प्रत्येकानं समितीसमोर देवांना बळी द्यावा आणि तसा लेखी दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरस सापडले आहेत. एकावर अर्जदार डायोजेनिस, वय 72, ‘उजव्या भुवईवर व्रण’ अशी ओळख. आपण नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, प्रसाद चाखला, तरी दाखला मिळावा ही विनंती. डायोजेनिस ख्रिस्ती होता असं नाही. कागद सगळ्यांनाच लागत होता.

कार्थेजमध्ये अटकेची वाट न बघताच ख्रिस्ती लोक बळी द्यायला चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले, तर आजच उरका म्हणून गयावया करणारेही होते, असं बिशप सिप्रियन लिहितो. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता कागद मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये ‘लाप्सी’ म्हणत, म्हणजे पडलेले. आपल्याकडचा ‘पतित’ अर्थानं अगदी तोच.

छळ ओसरला आणि पडलेले दाराशी आले. येताना काहींच्या हातात तिसराच कागद: तुरुंगात छळ सोसलेल्यांची शिफारस, ‘अमक्याला घरच्यांसह सामावून घ्यावं’. सिप्रियनला हे परस्पर माफीपत्र मान्य नव्हतं. पण छळाच्या काळात तो स्वतः लपून होता, त्यामुळे त्याच्या तोंडी कडक नियम शोभेनात. अखेर 251 च्या धर्मसभेत तोडगा निघाला. कागद विकत घेणाऱ्यांना चौकशीनंतर परत घ्यायचं; बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, त्यांना मरणाच्या वेळी घ्यायचं. पुन्हा छळाची चाहूल लागली तेव्हा तीही अट सैल झाली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पाळकाला एवढंही पटेना. देव क्षमा करील, चर्चला तो अधिकार नाही, असं म्हणून त्यानं वेगळी चूल मांडली.

माझ्या मते या वादातलं सगळ्यात बोलकं कागदपत्र म्हणजे अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याचं एक पत्र. सेरापियन नावाचा म्हातारा, बळी देऊन बसलेला. विनवण्या करूनही कुणी दाद देईना. तीन दिवस बेशुद्ध पडला, चौथ्या दिवशी जरा शुद्ध आली तशी नातवाला म्हणाला, पाळकाला बोलाव. रात्र झालेली, पाळक स्वतः आजारी. त्यानं प्रभुभोजनाच्या भाकरीचा छोटा तुकडा पोराच्या हाती दिला: भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल. पोरगा घरी पोचला, तुकडा भिजवून तोंडात घातला; म्हाताऱ्यानं तो गिळला आणि प्राण सोडला.

सिप्रियनचा 258 मध्ये शिरच्छेद झाला, वाद मात्र उरला. 325 च्या नायसिया धर्मसभेनं रोमन सम्राट लिसिनियसच्या अमलात जबरदस्तीशिवाय पडलेल्यांसाठी एकूण बारा वर्षांचं प्रायश्चित्त ठरवलं. मरणाच्या दारातल्या कुणालाही शेवटचं प्रभुभोजन नाकारायचं नाही, हाही नियम केला. तो माणूस बरा झालाच, तर त्यानं फक्त प्रार्थनेपुरतं सामील व्हायचं, भोजनाला नाही.