प्रात्यक्षिक कुठे संपतं, प्रयोग कुठे सुरू होतो

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीतला हा क्रम आपल्या कितीतरी पिढ्यांना पाठ आहे. बीड जिल्ह्यात विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मीही हा सगळा मजकूर आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून द्यायचो, अनुमानासकट. दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातात परीक्षानळी यायची, तोवर काय दिसणार ते वहीत लिहूनही झालेलं असायचं. ते प्रात्यक्षिक होतं. आम्ही त्याला प्रयोग म्हणत होतो.

मराठीत नाटकाचाही प्रयोगच होतो, म्हणून कदाचित ही गल्लत सहज होते. नाटकाचा शेवट लिहिलेला असतो, आणि तो नीट वठवायचा असतो. प्रात्यक्षिक तसंच आहे: माहीत असलेली गोष्ट डोळ्यांना दाखवायची. विज्ञानातल्या प्रयोगात करणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं. ते मिळवण्यासाठी तो एकच गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच राहू देतो.

मेणबत्तीचंच घ्या. परातीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, आणि गुरुजी सांगतात की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. मीही असंच शिकलो आणि कित्येक वर्षं असंच शिकवलं. एकदा एका मुलीने विचारलं, ‘सर, दोन मेणबत्त्या लावल्या तर?’ लावल्या. मग तीन लावल्या. ग्लास तोच, आतली हवा तेवढीच, तरी पाणी दर वेळी जास्त चढलं. ऑक्सिजन काही वाढला नव्हता! मग नीट बघितलं, तर ग्लास खाली आणताना कडेने बुडबुडे निघत होते, आणि मेणबत्ती विझल्यावर पाणी एकदम वर येत होतं. ज्योतीने तापलेली हवा फुगून बाहेर जाते, उरलेली गार झाली की आकसते. पाणी चढण्याचं मुख्य कारण हे आहे. ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. साहित्य तेच होतं. एका प्रश्नाने प्रात्यक्षिकाचा प्रयोग झाला, आणि माझी चूकही कळली.

शाळेतलं विज्ञान बदललं नाही असं कोणी म्हणू नये. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि निजामाच्या काळात मराठी मुलांना उर्दू माध्यमातून शिकावं लागे. पुढे कोठारी आयोगाने (1964-66) शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं असावं अशी शिफारस केली. 1967 साली बालभारती सुरू झाली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडून शिकणं शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडायला सांगितलं. आज पुस्तकात पानोपानी ‘करून पहा’ आहे. गुरुजींच्या टेबलावरची गोष्ट मुलांच्या हातात आली, हे मोठंच झालं. पण ‘करून पहा’च्या खालच्याच परिच्छेदात उत्तर छापलेलं असेल तर मुलं आधी तो परिच्छेद वाचतात. मीही वाचला असता.

प्रात्यक्षिक कमी दर्जाचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आम्ल कसं ओतायचं, परीक्षानळी तापवताना तोंड कुणीकडे ठेवायचं, हे आधी दाखवावंच लागतं. पाण्यात सोडियमचा तुकडा टाकून मुलांना ‘शोधा’ म्हणणं हा निष्काळजीपणा आहे.

प्रयोगासाठी मात्र प्रश्न गावातलाच लागतो. आमच्याकडे तो मिळाला डाळीतून. ‘सर, बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना,’ असं एकाने सांगितलं. इथला खडक बेसाल्टचा. त्याच्या भेगांतून पाझरताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. असं जड पाणी डाळ लवकर शिजू देत नाही, साबणालाही फेस येऊ देत नाही. मी हे सांगितलं नाही. मुलांना घरून पाणी आणायला लावलं: बोअरचं, विहिरीचं, हापशाचं, जारचं. सारख्या बाटल्या, प्रत्येकीत 50 मिली पाणी. साबणाचं पाणी थेंबाथेंबाने टाकायचं, दर वेळी सारखंच हलवायचं, आणि फेस मिनिटभर टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहायचं. मग तेच पाणी उकळून, गार करून, तळाचा पांढरा साका न ढवळता वरचं पाणी घेऊन पुन्हा मोजायचं.

बोअरच्या पाण्याला उकळल्यावर कमी थेंब लागले. हापशाच्या पाण्यात फरकच पडेना. एका गटाला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. त्या दिवशी अनुमानाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘उकळूनही थेंब कमी झाले नाहीत. का ते कळलं नाही.’ मी त्यावर बरोबरची खूण केली.

उकळल्याने बायकार्बोनेट क्षार साक्यात बसतात. सल्फेट आणि क्लोराइड पाण्यातच राहतात. हे मी पुढच्या तासाला सांगणार होतो. त्याआधीच एक मुलगा घरून पुडीत धुण्याचा सोडा घेऊन आला. आई कपडे भिजवताना टाकते म्हणाला, हापशाच्या पाण्यात टाकून बघू का?