चहाने टाकलेला रुमाल

माझा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. गेल्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास अभ्यासिकेत त्याची छाती एकदम धडधडू लागली. हाताला कंप सुटला, बोटांना मुंग्या आल्या आणि ‘आता आपण मरतो’ असं वाटलं. ईसीजी नॉर्मल निघाला. (पहिल्यांदा असं झालं की तो काढायलाच हवा, ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावत बसू नये.) डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका. घरी ताईने मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून त्याची दृष्ट काढली आणि मग तरतरी यावी म्हणून कडक चहा दिला.

दृष्ट काढून बिघडलं काहीच नाही. पण तो चहा त्या दिवसाचा सातवा होता. सकाळच्या सहा कपांसोबत पोटात गेली होती दोन बिस्किटं!

चहा ‘ताकद’ देतो हा गैरसमज. पेशींचं इंधन म्हणजे एटीपी हे शाळेत शिकलो आहोत. मेंदूच्या पेशी हे इंधन जाळतात, तसा ॲडिनोसिन नावाचा रेणू साठत जातो. पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. त्यातल्या ए1 ग्राहीवर ॲडिनोसिन बसलं की ग्लुटामेट, नॉरॲड्रेनलिन अशी उत्तेजक रसायनं कमी सुटतात आणि पेशी मंदावतात. ए2ए ग्राहीवर बसलं की झोपेकडे कल होतो. थोडक्यात, हा मेंदूचा ब्रेक.

चहा-कॉफीतल्या कॅफिनची ठेवण ॲडिनोसिनसारखीच. एसटी फलाटावर लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं कॅफिन त्या जागा अडवतं. ते स्वतः ब्रेक दाबत नाही आणि ॲडिनोसिनला बसू देत नाही. ॲडिनोसिन दाटीवाटीने उभं राहतं, नॉरॲड्रेनलिन मोकाट सुटतं. रुमाल उचलला गेला की उभे असलेले सगळे एकदम बसतात. दुपारी चार वाजता येणाऱ्या मरगळीत याचाही हात असतो.

हा ब्रेक सैल झालेला सगळ्यांना सारखा बाधत नाही. ए2ए ग्राहीच्या जनुकात काहींच्या बाबतीत किंचित फरक असतो. त्यांना कॅफिनने अस्वस्थता जास्त येते. 2022 साली जुन्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं. साधारण पाच कप कॉफीइतकं कॅफिन दिल्यावर पॅनिकचा विकार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना झटका आला. निरोगी लोकांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होतं. धडधड दोघांनाही होते. एक ‘चहा जास्त झाला’ म्हणतो, दुसरा ‘हार्ट अटॅक आला’ म्हणून घाबरतो. त्या भीतीने ॲड्रेनलिन हे संकटात सुटणारं संप्रेरक वाढतं, धडधड वाढते, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या येतात. मुंग्यांमुळे भीती आणखी वाढते.

आता रिकामं पोट. निरोगी माणसाची साखर एक नाश्ता चुकवल्याने धोकादायक उतरत नाही. पण ती डेसिलिटरला 65-70 मिलिग्रॅमच्या आसपास आली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, म्हणजे घाम, कंप आणि पुन्हा धडधड. 1993 साली निरोगी लोकांची साखर मुद्दाम किंचित उतरवून एक प्रयोग झाला. ज्यांना आधी कॅफिन दिलं होतं, त्यांना ही लक्षणं जास्त जाणवली आणि त्यांचं ॲड्रेनलिनही जास्त वाढलं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवसभर चहा ढोसणाऱ्यांनी हे वाचावं.

‘केळं खा, सेरोटोनिन वाढेल, चिंता पळेल’ असे मेसेजही फिरतात. केळ्यात सेरोटोनिन (मेंदूत मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) असतं खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. केळं भुकेसाठी जरूर खावं.

भाच्याच्या झटक्याला एकटा चहा कारण नाही. परीक्षा आहे, जागरणं आहेत, समुपदेशनही सुरू झालंय. पण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री बारालाही अंगात असतं, झोप मोडतं आणि सकाळी पुन्हा चहाच लागतो. एकदम सोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, म्हणून तो दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करतोय. सध्या तीनवर आलाय. पहिला कप पोह्यांनंतर. ताईने ठेवलेली अट एकच: तो तिच्या हातचाच.